मी भुतांना कपाटात जागा दिली

लहान मुलांच्या हातात भुताखेतांचं काहीही पडू नये, असं माझं मत बरीच वर्षं होतं. मराठवाड्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे मत शोधत जावं लागत नाही. इकडे भानामती नावाचा प्रकार आहे. घरातल्या गोधड्यांना म्हणे आपोआप आग लागते, जेवणाच्या ताटात खडे पडतात, बाया कुत्र्यागत भुंकायला लागतात. मग गावात कुजबुज सुरू होते आणि कुणाचं तरी नाव पुढे येतं. जिचं नाव येतं ती बहुधा एकटी असते, म्हातारी असते, तिच्या वाट्याच्या तुकडाभर जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याची अनुसूची वाचून पाहा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं. कायदा करणाऱ्यांनी ही यादी कल्पनेनं लिहिलेली नाही. हे सगळं होत होतं, म्हणून ते नाव घेऊन लिहावं लागलं.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले आम्ही शाळाशाळांतून प्रयोग करून दाखवायचो. सुरीच्या पात्याला आधीच मिथिल ऑरेंज लावून ठेवलं की लिंबू कापताना आम्लामुळे लाल रंग येतो आणि पोरं ‘रक्त, रक्त’ म्हणून मागे सरकतात. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवला की मंत्राचं पाणी शिंपडताच नारळ पेट घेतो. मग हातचलाखी उघडी करून सांगायची आणि भूत नावाची गोष्ट नसते, हे वहीत लिहून घ्यायचं. इतकं करून घरी गेल्यावर त्याच पोरांच्या हाती हडळ-खवीस-मुंजांची पुस्तकं द्यायची, हे मला पटणं शक्य नव्हतं.

सिडकोतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मुलांसाठी उघडतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. कुणी पुस्तकांचं गाठोडं आणून दिलं की मी आधी चाळून बघायची. कवटी, काळं मांजर, पांढऱ्या साडीतली मोकळ्या केसांची बाई दिसली की ते पुस्तक बाजूला. एकदा कुणी जुन्या ‘चांदोबा’चा गठ्ठा दिला. 1952 पासून मराठीत निघालेलं हे मासिक मी स्वतः लहानपणी जीव टाकून वाचलेलं. पण प्रत्येक अंकात विक्रम आणि वेताळ. चित्रकार शंकर यांचं ते चित्र कोण विसरेल? एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. तो गठ्ठा मी कपाटात ठेवला नाही.

माझ्या या मताला मोठ्या माणसांचा आधारही होता. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1946 पासून ते गरीब कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना चालवत होते. 1954 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं की भयाच्या आणि गुन्ह्यांच्या चित्रकथा मुलांना बिघडवतात. सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि भेदरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता घालून घेतली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ शब्द नको, आत रक्तपिपासू, चालती प्रेतं, लांडगा होणारी माणसं नकोत. आपल्याकडेही संसदेने 1956 मध्ये तरुण व्यक्तींसाठी घातक प्रकाशनांचा कायदा केला आणि त्यात चित्रांतून सांगितलेल्या, किळसवाण्या किंवा भयंकर प्रसंगांच्या गोष्टी मोजून धरल्या. वर्थमबद्दल मला आजही आदर वाटतो. ज्या मुलांकडे कुणी बघत नव्हतं त्यांच्यापाशी हा माणूस जाऊन बसला. पण कॅरल टिली या संशोधिकेने त्यांची मूळ टिपणं तपासली आणि 2012 मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा मुलांच्या बोलण्यात त्यांनी फेरफार केल्याचं, सोयीचं तेवढं घेऊन बाकीचं गाळल्याचं दिसून आलं. हे वाचलं त्या दिवशी मी अस्वस्थ होते. मुलं त्या पुस्तकांविषयी स्वतः काय सांगतात, हे मी तरी कधी विचारलं होतं?

ते विचारण्याची वेळ एका दिवाळीच्या सुट्टीत आली. न्यू जर्सीहून एक मराठी कुटुंब आमच्या इमारतीत आजी-आजोबांकडे आलं होतं. त्यांच्या मुलीच्या पिशवीत हॅलोविनचे चित्रकथांचे अंक होते. तिकडे सणासाठी असे विनोदी भयाचे अंक काढण्याची पद्धतच आहे. टीव्हीवरच्या सिम्पसन कुटुंबाचा असा अंक 1995 पासून हॅलोविनला निघू लागला. आमच्याकडे दिवाळी अंक, तसं समजा. फरक इतकाच की त्यांच्या त्या अंकात फराळाऐवजी भोपळा, कोळ्याची जाळी आणि थडग्यातून उठून चॉकलेट मागणारी मंडळी. ती पोर खोलीत आली, अंक फरशीवर पसरले आणि पाच मिनिटांत सोसायटीतली सगळी पोरं त्यांच्याभोवती. मी उठून ते गोळा करणार होते. पाहुणी मुलगी आहे, तिला वाईट वाटेल, म्हणून थांबले. थांबले म्हणून बघायला मिळालं.

एका गोष्टीत एक सांगाडा दारोदार जाऊन गोड मागतो. मिळालेला खाऊ तोंडात टाकतो आणि तो बरगड्यांतून खाली सांडतो. मागून येणारी पोरं तो वेचत जातात. एवढीच गोष्ट. पण ती वाचताना पोरं काय करत होती ते पाहण्यासारखं होतं. दार करकरत उघडतं, आत काळोख, आणि तिथे पान संपतं. पान उलटण्याआधी सगळी गप्प. कुणी शेजारच्याचा शर्ट धरलेला, एक चिमुरडा उशीमागे. ज्याच्या हातात अंक, तो मुद्दाम वेळ काढतो. मग पान उलटलं की सांगाडा आणि सांडणारा खाऊ, आणि खोलीभर हसू. पुन्हा मागचं पान काढायचं, पुन्हा घाबरायचं, पुन्हा हसायचं. सिनेमा आपल्या वेगानं पुढे जातो, पोरानं डोळे मिटले तरी आवाज येतच राहतो. रात्री अंधारात गोष्ट सांगणारा मामा पोराची भेदरलेली नजर बघून आणखी रंगात येतो. चित्रकथेत मात्र भीतीची दोरी पोराच्याच हातात असते. नको वाटलं तर मिटून ठेवायचं, धीर आला की उघडायचं. उशीमागच्या त्या चिमुरड्यानं तेच केलं. पहिल्या खेपेला तो उठून पाणी प्यायला गेला, आणि मग परत आला तेव्हा अंक स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आमच्या पोरांना आपली भुतं आठवू लागली. भुताचे पाय उलटे असतात, हे प्रत्येकाला आजीकडून ठाऊक होतं. तेव्हा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, पाय उलटे असले तर ते चप्पल कशी घालत असंल?” पोरं खिदळली. दुसरा म्हणाला, “जिना उतरताना तर पडतंच असंल.” मग पायांची चित्रं निघाली, अंगठा कुठे येईल यावर वाद झाला, एकानं स्वतः पाय वळवून चालून बघितलं आणि तो आपटला. आणि हे सगळं झाल्यावर त्याच मुलीनं अगदी सहज विचारलं, “पण उलटे पाय बघितले कुणी?” आजीनं? आजीला कुणी सांगितलं? तिच्या आजीनं. तिनं बघितलं होतं का? इतकी वर्षं मी ‘भूत नसतं’ हे वाक्य वहीत लिहून घेत होते. पोरांनी ते लिहिलं, परीक्षेत गुण मिळवले, आणि रात्री पिंपळाखालून जाताना मारुतीचं नाव घेत पळत सुटली. इथे मी एक शब्द बोलले नव्हते. भुतावर विनोद करायचा तर भुताचे नियम नीट तपासावे लागतात. उलटे पाय, सावली नसणं, भिंतीतून जाणं हे नियम खरे धरून पुढे काय होईल ते बघावं लागतं. आणि तपासू लागलं की साक्षीदार कोण, हा प्रश्न येतोच. मला हेच हवं होतं. मी ते दुसऱ्या दारानं आणू पाहत होते.

यानंतर मी तो ‘चांदोबा’चा गठ्ठा काढला आणि वेताळाची मूळ कथा शोधून वाचली. जे वाचलं त्यानं माझं मत पुरतं बदललं. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागर लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी येतात. त्यातला राजा उज्जैनचा नाही. गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचा राजा त्रिविक्रमसेन, असं सोमदेव सांगतो. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, आमच्या शहरातल्या पैठण गेटातून दक्षिणेला निघालं की 50 किलोमीटरवर. सोमदेवानं ज्या ग्रंथावरून हे सारं घेतलं ती बृहत्कथा गुणाढ्याची, आणि गुणाढ्य परंपरेनं सातवाहन राजाच्या दरबारातला, म्हणजे तोही इथलाच. तो ग्रंथ पैशाची भाषेत होता असं मानतात. दंतकथा अशी की राजानं ती पोथी नाकारली, तेव्हा गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला, आणि राजा धावत येईपर्यंत सातातला एकच भाग उरला होता. भुतांच्या गोष्टींचा एवढा जुना झरा माझ्याच जिल्ह्यातून निघाला, आणि मी इथे बसून पोरांपासून तो लपवत होते.

पण जिल्ह्याचा अभिमान ही दुय्यम बाब. महत्त्वाचं आहे ते त्या कथेत भ्यायचं कुणाला, हे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू राजाला रोज एक फळ आणून देतो. राजा ते कोठारात ठेवायला देतो. एकदा माकडानं फळ फोडलं, तेव्हा आत रत्न निघालं. राजा भारावतो आणि भिक्षू मागेल ती मदत द्यायला तयार होतो. भिक्षू त्याला रात्री स्मशानात बोलावतो आणि शिंशपा वृक्षावर लटकलेलं प्रेत आणायला सांगतो. प्रेतात वेताळ आहे. वाटेत तो गोष्ट सांगतो, कोडं घालतो. उत्तर माहीत असून राजा बोलला नाही तर डोकं फुटेल, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. तेवीस वेळा राजा बोलतो, तेवीस वेळा झाडाकडे परततो. खांद्यावर प्रेत घेऊन तलवारधारी राजाची ही जी येरझार आहे, ती भयाची आहे तशीच गमतीचीही आहे, आणि पोरांना ती गंमत मोठ्यांच्या आधी कळते. चोविसाव्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो. वेताळ प्रसन्न होतो आणि सांगतो की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा ‘आधी तुम्ही करून दाखवा’ असं म्हण. राजा तसंच करतो आणि वाचतो.

म्हणजे भूत माणसाला वाचवतं, आणि माणसाचा बळी घ्यायला टपलेला असतो तो भगवी वस्त्रं नेसून रत्नं वाटणारा बुवा. 2013 च्या कायद्याच्या नावातच नरबळी हा शब्द आहे. ज्या गोष्टीसाठी आम्ही मोर्चे काढले, ती गोष्ट सोमदेवाच्या पोथीत हजार वर्षं बसलेली होती. मी मात्र प्रेताचं चित्र बघून पुस्तक मिटत होते. आता सुट्टीत ही कथा मी पोरांना पूर्ण सांगते, रत्नांच्या फळासकट. फुकट रत्न देणाऱ्याला बदल्यात काय हवं असतं, यावर पोरं जेवढी भांडतात तेवढी माझ्या लिंबाच्या प्रयोगावर कधी भांडली नाहीत.

मग पैठणचेच नाथ. नाथषष्ठीला आजही तिथे यात्रा भरते, होळीनंतर सहाव्या दिवशी. एकनाथांचं भुतावर भारूड आहे. एक मोठं जबरदस्त भूत लागलंय, लिंबू, नारळ, कोंबड्याचे उतारे चालत नाहीत, नारदालाही त्यानं धरलं, ध्रुवालाही धरलं. ऐकणारा आधी दचकतो, मग हसतो, आणि शेवटी कळतं की हे भूत म्हणजे सगळीकडे भरून राहिलेला देव. उताऱ्याचा धंदा करणाऱ्यांसमोर सोळाव्या शतकात संबळाच्या तालावर हे म्हणायचं, याला काय छाती लागत असेल! आम्ही प्रबोधन म्हणून जे करत होतो ते नाथांनी सणाच्या गर्दीत, भुताचंच सोंग घेऊन केलं.

आणि होळी. भविष्योत्तर पुराणात होळीची जी कथा येते तिच्यात ढुंढा नावाची राक्षसी आहे. ती लहान मुलांना छळते. शिवाच्या वरामुळे देव, माणूस, शस्त्र यांपैकी कशानंही ती मरत नाही. रघुराजाला मग उपाय सांगितला जातो तो असा की मुलांनी लाकडं गोळा करून पेटवावीत, भोवती नाचावं, मोठमोठ्यानं हसावं, मनाला येईल ते बिनधास्त बोलावं. मुलांच्या या गलक्यानं ती राक्षसी पळते. पुराणकारानं मुलांना भीतीवर काय उपाय दिला, बघा. घरात कोंडून ठेवा, राक्षसीचं नाव काढू नका, असं त्यानं सांगितलं नाही. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली तरुण पोरं नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभे करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत हसवणारे बडगे. आपले सण गोडाधोडाचे आहेत तसे या काळोखाचेही आहेत. दिवाळी अमावास्येची, धनत्रयोदशीचा एक दिवा यमासाठी दक्षिणेला तोंड करून. सुट्टीत घर माणसांनी भरलेलं असतं, शेजारी मावसभाऊ झोपलेला असतो, तेव्हा मुलाला घाबरून बघायची हिंमत होते. शाळा चालू असताना त्याच्या वाट्याला येणारी भीती वेगळी असते, तीत त्याला काही निवडता येत नाही.

आता आमच्या कपाटातल्या वह्यांमध्ये पोरांनी काढलेल्या चित्रकथा आहेत. वटपौर्णिमेला वडावरच्या हडळीला सकाळपासून बाया सूत गुंडाळून गुंडाळून जखडून टाकतात आणि ती सात जन्म इथेच अडकले म्हणून रडते. पिंपळावरचा मुंजा दिवाळीत सुतळी बॉम्बला घाबरून आमच्या पाण्याच्या टाकीत लपतो. या गोष्टी रेखीव नाहीत, पण पानाच्या शेवटी भीती आणि पुढच्या पानावर हसू, हे पोरांना कुणी न शिकवता साधलेलं आहे.

सगळंच मी कपाटात घेते, असं मात्र नाही. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ या जातीच्या, पोराला मुकाट करण्यासाठी लिहिलेल्या गोष्टी आजही बाहेर राहतात. ‘ही सत्यघटना आहे’ म्हणून सांगणारी पुस्तकंही. आणि गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी हीच चेटकीण, अशी गोष्ट मी कितीही विनोदी असली तरी ठेवत नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण मला चालते. दिलीप प्रभावळकरांनी ती इतकी उघड सोंग म्हणून उभी केली की तिच्यात कुणाची शेजारीण दिसू शकत नाही. पण मराठवाड्यात चेटकीण म्हणून खऱ्या बायकांना मारलेलं आहे. त्या हशाची किंमत दुसरं कुणी मोजणार असेल तर तो मला नको. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत. परीकथांमधून चेटकीण काढली तर उरतं काय, असं विचारतात. मला त्याचं पुरतं उत्तर देता येत नाही, तरी माझा निर्णय तोच आहे.

चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला माझं हे नवं मत आवडलेलं नाही. शंभरातल्या एका पोरानं हे खरं मानलं तर, असं ते विचारतात. त्यांचा प्रश्न खरा आहे. पण ते एक पोर आपल्याकडे येण्याआधीच मानत असतं. घरात कुजबुज ऐकून, काकूच्या अंगात आलेलं बघून, कुणाला न सांगता मानत असतं. तसा एक मुलगा आमच्याकडे आला होता. हसत नव्हता, नुसता बघायचा. मग एका दुपारी त्यानं वहीत एक चौकट काढली. घरात कुणाच्या तरी अंगात आलंय आणि कोपऱ्यात एक पोरगा कानावर हात ठेवून उभा. पुढची चौकट मोकळी ठेवून तो म्हणाला, “आता काय करू?” शेजारची पोरं सुचवू लागली, भांडू लागली, आणि तो प्रथमच बोलू लागला. भुताची वही समोर नसती तर हे तो मला, विज्ञानाच्या बाईला, सांगायला आला नसता.

मराठी प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी एक मागणी आहे. आमच्या पोरांच्या हाती हॅलोविनचे भोपळे आहेत, कारण आपल्या सणांची, आपल्या मुंजा-खवीस-वेताळांची हसवणारी नवी चित्रकथा त्यांना सहज मिळत नाही. चांगल्या कागदावर, चांगल्या चित्रकारांकडून, लेखकाला आणि चित्रकाराला रास्त मानधन देऊन ती काढा. पैठणच्या राजापासून सुरुवात करा. बुवा गाळू नका. आणि किंमत एवढी ठेवा की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला ती सुट्टी लागायच्या आधी घेता येईल.